वहीत रोज ३ अंश

प्रश्न : डॉक्टरसाहेब, अमेरिकेतल्या छोट्या मांसव्यावसायिकांवरचा एक लेख वाचला. तीन-चार माणसांचे कत्तलखाने सरकारी नियमांपायी बंद पडतात आणि धंदा मोठ्या कारखान्यांच्या घशात जातो, असा त्याचा सूर होता. तुमची सगळी नोकरी मांसतपासणीत गेली. ओळखीच्या गिऱ्हाइकाला मांस विकणाऱ्या माणसाला एवढे नियम कशाला? त्याची अब्रू पणाला लागलेली असते, तेवढं पुरेसं नाही का?

उत्तर : नाही. सुरीवरचे जंतू अब्रूला भीत नाहीत, ८२ अंशांच्या पाण्याला भितात.

२००५ साली ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये ई. कोलाय ओ-१५७ या घातक जंतूची साथ आली. दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. शाळांच्या जेवणासाठी मांस पुरवणारा व्यावसायिक तिथलाच होता. जंतुशास्त्रज्ञ प्रोफेसर ह्यू पेनिंग्टन यांनी चौकशी केली, तेव्हा बोट गेलं व्हॅक्यूम पॅकिंगच्या यंत्राकडे. कच्चं मांस आणि शिजवलेलं मांस, दोन्हींना एकच यंत्र. म्हणजे शिजवताना मेलेले जंतू पॅक करताना पुन्हा येऊन बसायला मोकळे. आणि तिथे तपासनीस फिरकलाच नव्हता असं नाही बरं का. येऊन गेला होता, कागदही होते.

आता तुमच्या बाजूचं बोलतो, कारण त्यातही तथ्य आहे. अमेरिकेत विक्रीसाठीचं जनावर कापताना सरकारी तपासनीस हजर लागतो; सुरुवात १९०६च्या कायद्यानं झाली. कापण्याआधी जनावर चालताना पाहायचं, कापल्यावर डोक्याच्या गाठी चिरून बघायच्या, काळीज-फुप्फुसं हातानं चाचपायची. नेहमीच्या वेळेतल्या या तपासणीचा खर्च सरकारचा, जादा तासांचा मात्र मालकाचा. पण तपासनिसासाठी वेगळी खोली, बदललेली फरशी, नवा निचरा हे सगळं मालकानंच करायचं. दिवसाला हजारो जनावरं कापणाऱ्याला हा खर्च जाणवतही नाही. आठवड्याला दहा कापणाऱ्याचं कंबरडं मोडतं.

त्यावर १९९६ साली हॅसपचा नियम आला. धोका नेमका कुठे शिरतो ते आधी शोधायचं, त्या जागी मोजमाप ठेवायचं आणि लिहून ठेवायचं, अशी ती पद्धत. मोठ्या कारखान्यांना जानेवारी १९९८ची मुदत होती, दहापेक्षा कमी माणसांच्या युनिटांना २०००ची. कल्पना उत्तमच. फक्त मोठ्यांकडे लिहायला स्वतंत्र माणूस असतो. छोट्याकडे ज्याच्या हातात सुरी त्याच्याच हातात पेन, आणि मग काय होतं ते मी पाहिलंय.

एका दोन भावांच्या युनिटात मी तापमानाची वही मागितली. सुरेख अक्षर, रेघा मारलेल्या. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ३ अंश. एकदासुद्धा २ नाही की ४ नाही. सगळं एकाच शाईत. शीतगृहात गेलो तर थर्मामीटरचा काचेचा पडदा कोरा, सेल संपलेला. थोरल्याला विचारलं तर म्हणाला, “साहेब, मागच्या तपासणीला वही अपुरी म्हणून नोटीस मिळाली. थर्मामीटरचं कुणी विचारलंच नाही.” मी त्याला रागावलो खरा. पण घरी येताना राग त्याच्यावर नव्हता, आमच्याच खात्यावर होता. मांस मात्र थंड होतं. माझ्या थर्मामीटरनं मोजलं, ४ अंश.

म्हणून माझं मत विचाराल, तर छोट्यांसाठी वहीची पानं कमी करा, तपासनिसाचे टेबलाजवळचे तास वाढवा. जंतूंच्या मर्यादेत मात्र सूट नको. तिथे छोटा-मोठा भेद नाही.

प्रश्न : त्याच लेखात ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारलेल्या मांसाचा उल्लेख होता. विकायचंच नाही तर कापतात कशाला?

उत्तर : जनावर तुमचं, कापून देणारा दुसरा, खाणारे तुमच्या घरचे आणि पाहुणे. अशा कामाला अमेरिकेत प्रत्येक जनावरामागे तपासनीस लागत नाही. स्वच्छतेचे नियम लागतात आणि तो शिक्का लागतो. लोकांनी यातून वाट काढली : शेतकरी जिवंत जनावराचा पाव किंवा अर्धा हिस्सा आधीच विकतो, म्हणजे कापायच्या वेळी चार मालक आणि प्रत्येक जण आपापलं मांस घरी नेतो. कायद्यात बसतं. मला ही कसरत गमतीची वाटते; पण जेव्हा लोक पाव गाय विकत घेऊ लागतात, तेव्हा जवळपास तपासणी असलेला कत्तलखाना उरलेला नाही हे ओळखावं. अशा मांसाची राज्यातल्या राज्यात विक्री करू द्यावी, असं विधेयक तिथे २०१५ साली आणि नंतरही मांडलं गेलं. मी असतो तर विरोधात मत दिलं असतं. त्यापेक्षा तपासनीस गावोगाव फिरवा.

प्रश्न : छोट्या दुकानातला खिमा सुरक्षित की कारखान्यातला?

उत्तर : तुकड्यावरचे जंतू बहुतेक वरच्या अंगाला असतात, खिमा केला की आत जातात. कारखान्यातल्या एका घाण्यात कितीतरी जनावरांचं मांस एकत्र होतं, एक दूषित असलं तरी साऱ्या घाण्याला लागतं. छोट्याकडे एक-दोन जनावरांचं, त्यामुळे चूक झाली तरी कमी घरांत पोचते. पण त्यानं खिमा काढून यंत्र कधी धुतलं, हे त्यालाच विचारा. आणि खिमा कुठूनही आणा, आतून गुलाबी राहू देऊ नका. शिजवताना मधोमध थर्मामीटर खुपसून ७१ अंश आल्याशिवाय उतरवू नका.