टॉवेल कारखान्यात ईआरपी आणताना जुन्या मास्तरांचं ज्ञान सिस्टीममध्ये कसं उतरवायचं?

तुमची अडचण अशी की, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तुमच्या टॉवेल कारखान्यात ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) बसतंय, पण डाईंग मास्तर (रंगाई बघणारे) आणि जॉबर (माग लावून-दुरुस्त करून देणारे) माहिती द्यायला तयार नाहीत, आणि त्यातले काही निवृत्तीला आलेत. मी याच धंद्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो.

सॉफ्टवेअरवाले मागतात ते सुताचा काउंट (बारीक-जाडपणा), पिक (आडव्या धाग्यांची दाटी), जीएसएम (चौरस मीटरमागे किती ग्रॅम वजन), शेडची म्हणजे रंगछटेची रेसिपी. हे वहीत असतंच, दोन पोरं बसवली की भरून होतं. खरी गोम वहीबाहेर आहे: रेसिपी कधी मोडायची ते मास्तरच्या डोक्यात असतं. पाणी जड आलं की तो सिक्वेस्टरिंग एजंट (पाण्यातले क्षार बांधून ठेवणारं रसायन) वाढवतो, नाहीतर शेड फसते. वहीत मात्र रोज तीच रेसिपी.

वजनाचं तर विचारूच नका. ६५ टक्के आर्द्रतेला सुती धाग्यात ८.५ टक्के ओलावा धरतात. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी की ५०० जीएसएमचा चांगला टॉवेलही चौरस मीटरमागे १५ ग्रॅमनं कमी भरू शकतो. जुना जॉबर हे ओळखून मागाच्या सेटिंगला हात लावत नाही. सिस्टीम मात्र वजन कमी म्हणून लाल दाखवते, आणि नवखा सुपरवायझर पाईल (टॉवेलवरचे उभे फासे) वाढवून सूत वाया घालवतो. म्हणून वजनाच्या शेजारी आर्द्रतेचा रकाना हवाच.

‘तुम्हाला येतं ते सगळं सांगा’ असं मास्तरला म्हणू नका, कुणालाच ते जमत नाही. ज्या लॉटला रेसिपी बदलली, त्याच दिवशी ‘आज का बदललं?’ एवढंच विचारा. उत्तर तेलुगूत आलं तरी चालेल, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलं तरी चालेल. टायपिंग क्लार्क करेल.

आता ते गप्प का बसतात? लूम (माग) किती वेळ बंद होता हे सिस्टीमला कळलं की मालक पीस रेट (नगामागची मजुरी) कापणार, ही धास्ती. ती खोटी असेल तर तसं लेखी द्या. खरी असेल तर आकडे खोटेच येणार, सॉफ्टवेअर कितीही महागडं घ्या.

निवृत्त होणाऱ्या मास्तरला पगार देऊन उन्हाळा ते पावसाळा ठेवा, हाताखाली एक हेल्पर द्या. तोवर वही आणि सिस्टीम दोन्ही चालू. सॉफ्टवेअरचा व्हेंडर दुबार काम म्हणून कुरकुर करेल, करू दे. जुन्या वह्यांचे फोटो मात्र आजच काढा. दिवाळीच्या साफसफाईत त्या हमखास रद्दीत जातात.