मटची कॉन्फिग फाईल कुठून सुरू करायची आणि कोणते ऑप्शन खरंच लागतात?

तुमचा प्रश्न असा आहे की टर्मिनलमध्ये मट (मेल वाचायचा आणि पाठवायचा प्रोग्राम) वापरायला घेतलंय, कुणाची तरी चारशे ओळींची मटआरसी, म्हणजे मटची कॉन्फिग फाईल, जशीच्या तशी उचलून टाकली, आता मेल दिसतात पण एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेलं की सॉर्टिंग आपोआप बदलतं, एचटीएमएल मेल उघडला की नुसते टॅग दिसतात, आणि त्या फाईलमधलं काय ठेवायचं काय उडवायचं ते कळत नाहीये.

ती फाईल बाजूला ठेवा आणि रिकाम्या फाईलपासून सुरू करा. खरंच सांगते, यातच वेळ वाचतो. मट १९९५ पासून आहे, मायकेल एल्किन्सने लिहायला घेतलेलं, आणि इतक्या वर्षांत त्याच्या बहुतेक ऑप्शनची डिफॉल्ट व्हॅल्यू बरीच विचार करून ठरलेली आहे. कुणाच्या चारशे ओळी म्हणजे त्या माणसाला आलेल्या अडचणींची उत्तरं असतात, तुमच्या अडचणी वेगळ्या असणार. एखादी गोष्ट रोज खटकायला लागली की मगच तिच्यासाठी एक ओळ टाकायची, आणि ती ओळ काय करते हे माहीत असल्याशिवाय टाकायची नाही.

ऑप्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितेय, फाईलमध्ये ती रोमन छोट्या अक्षरांत जातात आणि दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर येतो.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. मट चालू असताना कोलन दाबा, सेट लिहा, स्पेस, मग प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून ऑप्शनचं नाव, की आत्ता त्याची व्हॅल्यू काय आहे ते खाली दिसतं. प्रश्नचिन्हाच्या जागी & टाकलं की तो ऑप्शन डिफॉल्टवर परत जातो. बाहेरून मायनस कॅपिटल डी देऊन मट चालवलं तर सगळ्या ऑप्शनची चालू व्हॅल्यू छापून बाहेर पडतं, आणि मायनस व्ही दिलं की कोणकोणत्या सोयींसकट कंपाइल झालंय ते प्लस-मायनसच्या चिन्हांनी कळतं. हे आधी बघा, कारण तुमच्या मटमध्ये आयमॅप (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) किंवा एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) कंपाइलच केलेलं नसेल तर कॉन्फिगमध्ये कितीही डोकं फोडा, काही होणार नाही. नवीन फाईल वेगळ्या नावाने ठेवून मायनस कॅपिटल एफ ने तीच फाईल वापरायला सांगता येतं, म्हणजे जुनी मोडत नाही आणि नवीन निवांत बसवता येते.

आता पहिल्या दहाएक ओळी. रियलनेम आणि फ्रॉम, म्हणजे तुमचं नाव आणि पत्ता. फोल्डर, म्हणजे सगळे मेलबॉक्स जिथे आहेत त्याचं मूळ ठिकाण, आयमॅप असेल तर आयमॅप्स ने सुरू होणारा सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ९९३. स्पूलफाईल म्हणजे इनबॉक्स. रेकॉर्ड म्हणजे पाठवलेल्या मेलची कॉपी कुठे जाईल. पोस्टपोन्ड म्हणजे ड्राफ्ट. आणि मेल पाठवायला एसएमटीपी_यूआरएल, सर्व्हर ४६५ पोर्टवर असेल तर पत्ता एसएमटीपीएस ने सुरू होतो, ५८७ असेल तर साधं एसएमटीपी, आणि मग एन्क्रिप्शन स्टार्टटीएलएसने होतं, म्हणजे साधं कनेक्शन जोडल्यावर ते एन्क्रिप्ट केलं जातं. एसएमटीपी_यूआरएल दिलंच नाही तर मट मेल मशीनवरच्या सेंडमेल प्रोग्रामकडे सोपवून मोकळं होतं, तो सेट केलेला नसेल तर मेल पोचत नाही आणि आपण सर्व्हरला दोष देत बसतो. एसएसएल_फोर्स_टीएलएस चालू ठेवा, मट २.० पासून ते डिफॉल्टच चालू असतं पण जुनं व्हर्जन असेल तर हाताने टाका.

रेकॉर्डबद्दल एक गोष्ट, जीमेलच्या सर्व्हरवरून पाठवलं की पाठवलेल्या मेलची कॉपी तिकडे आपोआप ठेवली जाते, त्यामुळे मटनेही ठेवली तर प्रत्येक मेल दोनदा दिसतो, तिथे रेकॉर्ड रिकामं सोडा.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. मेलबॉक्सच्या नावाआधी = किंवा + टाकलं की त्याचा अर्थ "फोल्डर ऑप्शनमध्ये जे आहे त्याच्या आतलं", पण मेलबॉक्सेस ही कमांड ज्या क्षणी वाचली जाते त्याच क्षणी तो अर्थ लावला जातो. फोल्डरची ओळ खाली आणि मेलबॉक्सेसची ओळ वर असेल तर मट तुमच्या होम डिरेक्टरीतल्या मेल नावाच्या फोल्डरमध्ये शोधत बसतं, कारण डिफॉल्ट तेच आहे. उचललेल्या फाईलमधून तुकडे इकडचे तिकडे करताना हे हमखास होतं. तेव्हा फोल्डर सगळ्यात वर.

दुसरी अशीच अडचण अवतरणचिन्हांची. डबल कोटमध्ये $ आला की मट त्याला व्हेरिएबल समजतं, बॅकटिक (`) आला की आतली कमांड चालवतं, सिंगल कोटमध्ये यातलं काही होत नाही. माझ्या पासवर्डमध्ये $ होता आणि मी तो डबल कोटमध्ये टाकला होता, लॉगिन होत नाही म्हणून आख्खी संध्याकाळ सर्व्हरची सेटिंग बदलत बसले, मट मात्र $ पुढची अक्षरं गिळून अर्धाच पासवर्ड पाठवत होतं. कोटच्या बाहेर असेल तर # पुढचं सगळं कमेंट धरलं जातं आणि सेमीकोलनवर कमांड संपते, हेही लक्षात असू द्या.

मुळात पासवर्ड फाईलमध्ये उघडा लिहूच नका. सुरुवातीला आयमॅप_पास टाकलंच नाही तर मट लॉगिनच्या वेळी विचारतं, काही दिवस तसंच चालू द्या. मग कंटाळा आला की पासवर्डच्या ओळी वेगळ्या फाईलमध्ये लिहून ती जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने एन्क्रिप्ट करा, आणि मुख्य फाईलमध्ये सोर्स कमांडला ती डिक्रिप्ट करणारी कमांड द्या, शेवटी पाईपचं चिन्ह | टाकून. पाईप असला की मट त्याला फाईलचं नाव न समजता कमांड समजतं आणि तिचं आउटपुट कॉन्फिग म्हणून वाचतं. पाईपची ही युक्ती पासवर्डपुरती नाही, बाकी सेटिंगसाठीही चालते.

आता तुमचं सॉर्टिंगचं दुखणं. तुम्ही उचललेल्या फाईलमध्ये नक्की फोल्डर-हुक असणार. फोल्डर-हुक म्हणजे अमुक नावाच्या फोल्डरमध्ये शिरलं की ही कमांड चालव. पण त्या फोल्डरमधून बाहेर पडलं की ती कमांड उलटी फिरवली जात नाही, मटला "आधी काय होतं" हे आठवत नाही. म्हणजे चर्चेच्या फोल्डरसाठी थ्रेड्सनुसार (मेल आणि त्याची उत्तरं एकत्र) सॉर्ट लावलं की तिथून इनबॉक्समध्ये आल्यावरही थ्रेड्सच राहतं. उपाय असा की एक सर्वसाधारण फोल्डर-हुक लिहायचा, पॅटर्न म्हणून नुसता टिंब, तो सगळ्या फोल्डरना लागू होतो, त्यात तुमची नेहमीची सेटिंग टाकायची, आणि त्याच्या *खाली* खास फोल्डरचे हुक. जेवढे हुक जुळतात तेवढे सगळे लिहिलेल्या क्रमाने चालतात, म्हणून सर्वसाधारण वर आणि खास खाली. मेल पाठवताना चालणाऱ्या सेंड-हुकचंही तसंच. पण सेव्ह-हुक (मेल कुठे सेव्ह होईल) आणि एफसीसी-हुकचं (पाठवलेल्या मेलची कॉपी कुठे जाईल) याच्या बरोबर उलट, तिथे पहिला जो जुळेल तोच घेतला जातो आणि पुढचे बघितलेच जात नाहीत, म्हणून तिथे खास वर आणि सर्वसाधारण सगळ्यात खाली. हे एकदा डोक्यात बसलं की मटच्या कॉन्फिगमधला अर्धा गोंधळ संपतो, आणि मला वाटतं की नवीन माणसाला सगळ्यात आधी हेच सांगायला हवं, रंगांच्या थीम नंतर.

सॉर्टसाठी मी स्वतः सॉर्ट ला थ्रेड्स आणि सॉर्ट_ऑक्स ला लास्ट-डेट-रिसीव्ह्ड ठेवते, म्हणजे ज्या थ्रेडमध्ये नवीन उत्तर आलंय तो आख्खा थ्रेड खाली सरकतो. नवीन मेल वर हवा असेल तर रिव्हर्स हा शब्द आधी जोडता येतो. एकच विषय असलेले पण एकमेकांचं उत्तर नसलेले मेल एका थ्रेडमध्ये कोंबले जात असतील तर स्ट्रिक्ट_थ्रेड्स चालू करा.

एचटीएमएल मेलसाठी दोन ठिकाणी काम करावं लागतं आणि लोक एकच करतात. मटआरसीमध्ये ऑटो_व्ह्यू कमांडला टेक्स्ट/एचटीएमएल द्या. मग होम डिरेक्टरीत डॉट मेलकॅप नावाच्या फाईलमध्ये त्याच प्रकारासाठी एक ओळ, त्यात डब्ल्यूथ्रीएम किंवा लिंक्सला डंप करायला सांगायचं, आणि ओळीच्या शेवटी सेमीकोलन देऊन कोपियसआउटपुट हा शब्द. हा शब्द नसेल तर मट ती ओळ ऑटो_व्ह्यूसाठी वापरतच नाही, आणि तुमच्याकडे टॅग दिसतायत त्याचं कारण बहुतेक हेच असणार. डब्ल्यूथ्रीएम वापरत असाल तर त्याला मेलचा कॅरेक्टर सेटही कळवा, मायनस कॅपिटल आय आणि पुढे %{} मध्ये चारसेट, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं येऊ शकतात. शिवाय अल्टरनेटिव्ह_ऑर्डर मध्ये टेक्स्ट/प्लेन आधी आणि टेक्स्ट/एचटीएमएल नंतर लिहा, म्हणजे मेलमध्ये दोन्ही रूपं असतील तेव्हा साधं रूप दिसेल. काही मेलमध्ये साधं रूप रिकामंच पाठवलेलं असतं, तेव्हा व्ही दाबून भागांच्या यादीतून एचटीएमएल उघडायचं.

मराठीचा विषय निघालाच आहे तर, पाठवताना काही करावं लागत नाही. सेंड_चारसेट मध्ये डिफॉल्ट तीन नावं असतात, शेवटचं यूटीएफ-८, मट एकेक करून बघतं आणि ज्यात मजकूर पूर्ण बसतो ते पहिलं वापरतं, त्यामुळे देवनागरी आपोआप यूटीएफ-८ मध्ये जाते. फक्त सिस्टिमचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ असलं पाहिजे, चारसेट हा ऑप्शन मट त्यावरूनच ठरवतं, तो हाताने लिहू नका. यादीत देवनागरी नावं किंवा विषय असले की कधीकधी ओळींचे कॉलम पुढेमागे सरकतात, ते टर्मिनल मात्रा-वेलांट्यांची रुंदी कशी मोजतं यावर आहे, मटच्या कुठल्या ऑप्शनने जाणार नाही, टर्मिनल बदलून बघा. आणि महिन्यांची नावं मराठीत हवी असतील तर डेट_फॉरमॅट च्या सुरुवातीला जे ! असतं ते काढा, ते असेपर्यंत लोकेल काहीही असलं तरी नावं इंग्रजीच येतात.

वाचताना खटकणाऱ्या बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. लांब ओळ तुटली की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला + दिसतो, तो मार्कर्स बंद केला की जातो. हेडरची लांबलचक रांग नको असेल तर इग्नोर कमांडला * द्या आणि मग अनइग्नोर ने फ्रॉम, टू, सीसी, डेट, सब्जेक्ट एवढेच परत आणा. पेजर_इंडेक्स_लाइन्स ला १० दिलं की मेल वाचताना वरती यादीच्या दहा ओळी दिसत राहतात, मला याशिवाय करमत नाही. पेजर_स्टॉप चालू केलं की मेल संपल्यावर स्पेस दाबला तरी पुढच्या मेलवर उडी बसत नाही. लिहिण्यासाठी एडिट_हेडर्स चालू ठेवाच, टू आणि सब्जेक्ट एडिटरमध्येच बदलता येतात. दोन-तीन पत्ते असतील तर ते सगळे अल्टरनेट्स मध्ये लिहा आणि रिव्हर्स_नेम चालू करा, ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून उत्तर जातं.

आयमॅपवर यादी उघडायला वेळ लागतो असं वाटत असेल तर हेडर_कॅश आणि मेसेज_कॅशडिर ला एकेक रिकामी डिरेक्टरी द्या, दुसऱ्या वेळेपासून फरक लगेच जाणवेल. नवीन मेल उशिरा दिसतात ही तक्रार आली तर टाइमआउट बघा. तुम्ही कुठलंही बटण दाबत नसाल तर मट किती सेकंद थांबून नवीन मेल बघतं ते त्यात असतं, आणि डिफॉल्ट ६०० आहे, म्हणजे दहा मिनिटं. ३० वगैरे ठेवा.

शेवटी डिलीट, कारण इथे नुकसान होतं. मटमध्ये डी दाबलं की मेलवर फक्त खूण होते, खरं डिलीट $ दाबल्यावर किंवा बाहेर पडताना होतं, आणि तेव्हा तुम्हाला विचारावं की नाही हे डिलीट नावाच्या ऑप्शनवर ठरतं. असे चार उत्तरांचे ऑप्शन मटमध्ये बरेच आहेत, यस, नो, आस्क-यस, आस्क-नो. डिलीटचं डिफॉल्ट आस्क-यस आहे. माझ्या पहिल्या उचललेल्या फाईलमध्ये ते यस होतं, मी एका थ्रेडवर चुकून खूण केली आणि क्यू दाबून बाहेर पडले, एका जवळच्या माणसाचे मेल गेले ते कायमचे, त्याचं आजही वाईट वाटतं. तेव्हा डिलीट आहे तसं आस्क-यस राहू द्या, आणि ट्रॅश ऑप्शनमध्ये एक फोल्डर द्या, मग डिलीट केलेले मेल आधी तिथे जातात. हा ऑप्शन २०१६ मधल्या १.७ पासून मुळातच आहे. मूव्ह हा ऑप्शनही तुमच्या जुन्या फाईलमध्ये यस असेल तर तपासा, त्याने वाचलेले मेल बाहेर पडताना इनबॉक्समधून उचलून दुसऱ्या फाईलमध्ये नेले जातात आणि आपल्याला वाटतं हरवले.

जोवर नव्या फाईलवर पूर्ण विश्वास बसत नाही तोवर मट मायनस कॅपिटल आर देऊन चालवा, मेलबॉक्स फक्त वाचण्यापुरता उघडतो, त्यात हुक आणि सॉर्टिंग हवं तेवढं तपासता येतं आणि एकही मेल जागेवरून हलत नाही.