लहान मुलांना घेऊन लास वेगासच्या कॅसिनो रिसॉर्टमध्ये राहावं का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, डिसेंबरच्या सुट्टीत लॉस एंजेलिसहून गाडीने वेगासला चार रात्री जायचंय, नवऱ्याला पोकर खेळायचाय आणि सासूबाई विचारतायत, "जुगाराच्या ठिकाणी पोरं कशाला न्यायची?" आम्ही फिनिक्सला राहतो आणि मुलांसकट दोनदा जाऊन आलोय. पहिली खेप पार फसली, दुसरी फार छान झाली. शहर तेच, मुलंही तीच. बदललं ते हॉटेल, आणि कोणी कधी खेळायचं याचं आमचं दोघांचं ठरवणं.

आधी हॉटेलचं सांगते, कारण निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. स्ट्रिपवरच्या, म्हणजे वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या, बहुतेक मोठ्या हॉटेलांत कॅसिनो अगदी मधोमध असतो. खोलीतून जेवायला, तिथून गाडीकडे, परत लिफ्टकडे, दर वेळी जुगाराच्या मशिनांमधूनच वाट. नेवाडात, म्हणजे वेगास ज्या राज्यात आहे तिथे, २१ वर्षांखालच्या कोणालाही खेळायच्या जागेत रेंगाळायची परवानगी नाही, फक्त पार जाता येतं. आमची लेक तेव्हा चार वर्षांचीच होती. रंगीत दिवे लागलेलं मशीन दिसलं की ती थांबायची, मी स्ट्रोलर थांबवायचे, आणि अर्ध्या मिनिटात सुरक्षारक्षक येऊन म्हणायचा, पुढे चला. तो त्याचं काम करत होता, पण दिवसातून सहा वेळा "हात लावू नकोस, चल" ऐकून ती रडकुंडीला आली. मुलाला मांडीवर घेऊन गंमत म्हणून बटण दाबायला द्यायचा मोह टाळा. २१ खालच्या व्यक्तीने खेळून जिंकलेले पैसे मिळत नाहीत, आणि प्रश्न पैशांपुरताही नाही.

शिवाय धूर. तिथे कॅसिनोत सिगारेट ओढायला कायद्याने मुभा आहे. माझ्या धाकट्याला बाळदमा होता, दुसऱ्या रात्री त्याची छाती वाजायला लागली आणि आम्ही नेब्युलायझर घेऊन खोलीत बसलो.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही व्हडारा हे हॉटेल घेतलं. तिथे कॅसिनोच नाही, इमारतीत सिगारेट चालत नाही, शेजारच्या बेलाजिओ हॉटेलला आतून चालत जाता येतं, आणि खोलीत छोटा ओटा, फ्रिज, मायक्रोवेव्ह आहे. दीड वर्षाच्या मुलासाठी हे सोन्यासारखं. मऊ भात, दूध, उकडलेला बटाटा, सगळं खोलीत झालं. साध्या कॅसिनो हॉटेलात बऱ्याचदा मायक्रोवेव्ह नसतो आणि मिनीबारला सेन्सर असतो: दूध ठेवायला त्यातली बाटली बाजूला सरकवली तरी ती बिलात येऊ शकते. कॅसिनोवालंच हॉटेल हवं असेल तर पार्क एमजीएम बघा, २०२० पासून तिथला कॅसिनोही धूरमुक्त आहे. खोलीच्या भाड्यावर रोजची रिसॉर्ट फी वेगळी लागते, ती धरूनच तुलना करा.

आता पोकरबद्दल, आणि इथे मी स्पष्ट बोलणार आहे. पहिल्या खेपेला माझा नवरा "तासाभरात येतो" म्हणून ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराला बसला आणि साडेतीन तासांनी आला. मी बाविसाव्या मजल्यावर, न उघडणाऱ्या खिडकीशी, दोन चिडलेल्या मुलांबरोबर. तो वाईट माणूस नाही. ती जागाच अशी बांधलेली असते की वेळेचं भान राहू नये. दुसऱ्या वेळी निघायच्या आधी घरीच ठरवलं: मुलं झोपल्यावर, रात्री नऊनंतर, एक रात्र त्याची, एक माझी. त्याने पत्ते खेळले, मी एकटी पाय मोकळे करून आले. दिवसा कोणीच खेळायचं नाही. तुम्हीही हे गाडीत बसायच्या आधी बोलून घ्या, तिथे पोचल्यावर ते बोलणं होत नाही.

आणि मुलांना आर्केडमध्ये (व्हिडिओ गेमच्या दालनात) किंवा लॉबीत "पाच मिनिटं बस हं" म्हणून कधीही, कधीही सोडू नका. तुमच्या वाटेत राज्याच्या सीमेवर प्रिम नावाचं गाव लागेल. १९९७ च्या मे महिन्यात तिथल्या एका कॅसिनोत पहाटे सात वर्षांच्या मुलीचा खून झाला. वडील खेळत होते, मुलगी थोरल्या भावाच्या भरवशावर होती, तोही चौदा वर्षांचाच. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. पण मी आजही वेगासमध्ये आर्केडमध्ये एकटी पोरं बघते आणि माझा जीव गोळा होतो.

मुलांना दाखवायला मात्र तिथे भरपूर आहे, आणि बरंचसं फुकट. बेलाजिओचं कारंजं दुपारी अर्ध्या अर्ध्या तासाने आणि रात्री दर पंधरा मिनिटांनी उडतं. आमची लेक कठड्याला धरून चार खेळ बघत उभी होती. आतल्या फुलांच्या बागेत डिसेंबरभर नाताळची सजावट असते. फ्लेमिंगो हॉटेलच्या मागे खरे रोहित पक्षी आहेत, कासवं आणि रंगीत मासे आहेत. 'सर्कस सर्कस' हॉटेलात काचेच्या गुलाबी घुमटाखाली पाळण्यांची जत्रा आहे, बाहेर गारठा असला तरी चालते. मँडले बे हॉटेलात शार्क बघता येतात, तिथला लाटांचा तलाव मात्र हिवाळ्यात बंद असतो, त्याचं आश्वासन मुलांना देऊ नका. जुने सल्ले वाचत असाल तर मिराजचा ज्वालामुखी विसरा, ते हॉटेल २०२४ च्या जुलैत बंद झालं.

रस्त्यावर मात्र अंतरं फसवतात. समोर दिसणारं हॉटेल गाठायला पूल, सरकते जिने, पुन्हा पूल, आणि लिफ्ट बंद असेल तर स्ट्रोलर उचला. मोठा स्ट्रोलर घरी ठेवा. भिंतींवर, ट्रकांवर उघड्यावाघड्या जाहिराती असतातच. चार वर्षांच्या मुलीला त्या दिव्यांपुढे दिसतही नाहीत, आठ-नऊ वर्षांची असती तर मी वेगळा विचार केला असता.

एक पूर्ण दिवस शहराबाहेर काढा. रेड रॉक कॅन्यनला ऑक्टोबर ते मे गाडीसाठी वेळ आधी आरक्षित करावी लागते. आणि हूवर धरण! आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, उमेदीची वर्षं कोयनेवर गेली. दुसऱ्या खेपेला ते बरोबर होते. आम्हाला वाटत होतं, वेगासमध्ये ते कंटाळतील. हूवरच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी नातीला हाताने कमान करून दाखवली, पाणी कसं रेटतं आणि भिंत तो रेटा दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर कसा ढकलते. कोयना १०३ मीटर, हे २२१, म्हणजे दुपटीहून उंच, असं तिला तीन वेळा सांगितलं. ती घरी येऊन महिनाभर ठोकळ्यांची धरणं बांधत होती. वारा तिथे कडक असतो, कानटोप्या न्या.

तुमच्या चार रात्रींत ३१ डिसेंबर येत असेल तर आधीच्या तारखा घ्या. त्या संध्याकाळी स्ट्रिप गाड्यांना बंद होते, लाखोंची गर्दी असते, आणि दीड वर्षाच्या मुलाला घेऊन त्यातून हॉटेल गाठणं मी कोणालाही सांगणार नाही. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे मिळाले तर घ्या.