कोर्टहाउसची छताची फरशी उचलून बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आला. दोन वर्षं आर्किटेक्चरच्या मास्टर्सला घासलीस आणि पहिलं काम काय मिळालं, तर टेक्ससमधल्या एका काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, जुन्या कोर्टहाउसची पाहणी. हातात टॉर्च, मोजपट्टी आणि खिडक्यांचा तक्ता. वर तू लिहितेस, ‘काका, मी डिझाइन करायला आले होते, हे तर तलाठ्याचं काम झालं.’ हसू आलं. तीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो, फक्त ऐकायला कुणी काका नव्हता.

कोर्टहाउस म्हणजे नुसतं न्यायालय समजू नकोस. आपल्याकडची कचेरी, दुय्यम निबंधक आणि कोर्ट एका वाड्यात कोंबून तो वाडा गावाच्या चौकात ठेवला, तर जे होईल ते. टेक्ससमध्ये 254 काउंट्या आहेत. जमिनीची नोंद, लग्नाचा परवाना, खुनाचा खटला, सगळं त्या एका जिन्यावरून वर जायचं. मी स्वतः पहिल्यांदा आत गेलो तो वास्तुकला बघायला नव्हे, ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसण्याचं, समन्स आलं म्हणून. चार तास बाकावर बसून होतो. घुमट-मनोरे काही आठवत नाहीत, पण जिन्याच्या लाकडी कठड्याचं वळण अजून हाताला आठवतं. हजारो तळव्यांनी झिजून ते साबणाच्या वडीसारखं झालं होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं: कॅमेरा काढायच्या आधी अर्धा दिवस लोकांमध्ये बसून राहा.

मग हवा कुठून येते ते शोध. एअर कंडिशनर नव्हता तेव्हा टेक्ससच्या उन्हाळ्यात दोनशे माणसं कोर्टात बसायची कशी? जेम्स राइली गॉर्डन नावाच्या आर्किटेक्टने 1890च्या दशकात याचं जे उत्तर काढलं, त्यापुढे मी अजून टोपी काढतो. त्याने इमारत अधिक चिन्हाच्या आकाराची केली. दारं चार भुजांच्या मधल्या खोबणीत, सावलीच्या व्हरांड्यांतून. त्यामुळे भुजेतल्या खोलीला तीन बाजूंनी खिडक्या मिळतात. आणि मधोमध वरपर्यंत पोकळ जागा. गरम हवा वर चढते, मनोऱ्यातून निसटते, खालून गार हवा ओढली जाते. आपल्या वाड्यातला चौक तू लहानपणापासून बघितला आहेस, तुला हे मी काय समजावणार! ला ग्रेंज गावच्या 1891च्या कोर्टहाउसमध्ये तर खरोखर आभाळ दिसणारा चौक आहे. पुढच्या पिढीला ती ‘वाया गेलेली जागा’ वाटली, तिने तो बुजवून टाकला. जीर्णोद्धारात तो पुन्हा मोकळा केला.

वॅक्सहॅची गावचं 1897चं कोर्टहाउस गॉर्डनचंच. लाल वाळूचा दगड, ग्रॅनाइट आणि खांबांच्या माथ्यावर कोरलेले चेहरे. गाइड तुला सांगेल की पाथरवटाचं एका पोरीवर प्रेम बसलं, तिने नकार दिला, म्हणून चेहरे कुरूप होत गेले. इतिहासकारांना हे मान्य नाही. तू मान डोलाव आणि दगड बघ.

आता तुझ्या तक्त्याकडे येतो. 1950-60 सालानंतर बहुतेक ठिकाणी खोट्या छताची लाट आली. थंड हवा कोंडायची म्हणून उंच कोर्टरूमच्या निम्म्यावर पांढऱ्या फरशा टांगल्या, कुठे तर चक्क मजला टाकून एकाच्या दोन खोल्या केल्या. शिडीवर चढून एक फरशी हळूच वर ढकल आणि डोकं आत घाल. आधी धूळ नाकात जाईल. मग टॉर्चच्या उजेडात कमानी खिडकीचा वरचा अर्धा भाग दिसेल, जो खालच्या माणसांना ठाऊकच नाही. त्याच्या शेजारी पत्र्याचं ठसेदार जुनं छत, भिंतीवर रंगवलेला नक्षीचा पट्टा आणि त्यातूनच आरपार नेलेला एसीचा डक्ट. तिथे दहा मिनिटं थांब, घाईने फोटो काढून उतरू नकोस. कुठला थर कुणी, कशासाठी चढवला हे तिथेच कळतं. तुझा तक्ता तिथून सुरू होतो.

चुन्याबद्दल माझीच चूक सांगतो. एका गावात (नाव सांगत नाही, तिथले लोक अजून ओळखतात) भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, उघड्या पडल्या होत्या. कंत्राटदार म्हणाला, चांगलं घट्ट सिमेंट भरू, पन्नास वर्षं बघायला नको. मी सही केली. दगड मऊ, सांध्यात भरलेला मसाला कडक. भिंतीतली ओल पूर्वी चुन्याच्या दर्जांतून बाहेर पडायची, ती आता दगडातून वाट काढू लागली. काही वर्षांनी गेलो तर दर्जा शाबूत आणि दगडाचे पापुद्रे हातात! आमच्या आजोळी चुन्याची घाणी फिरताना मी पाहिली होती, तरी अक्कल आली नाही. म्हणून खिशात एक खिळा ठेव. दर्जेवर ओरखडा काढ. पांढरट भुकटी पडली तर बहुधा चुना, खिळा घसरला आणि करडी रेघ उमटली तर सिमेंटचा संशय घे. नमुना लॅबला दे. आम्लात चुना विरघळतो, उरते ती वाळू, आणि नवा मसाला त्या वाळूला जुळवून करायचा.

पाणी कुठे मुरतं ते आधी, रंग-पॉलिश मग. पन्हळ, मनोऱ्यातली कबुतरं, तळघर.

आणि जुनी वायरिंग. हिल्सबरो गावचं 1890चं कोर्टहाउस 1 जानेवारी 1993 रोजी जळालं. मनोरा कोसळला, भिंती उरल्या. लोक पाडा म्हणू शकले असते. त्याऐवजी वर्गणी गोळा झाली, त्याच काउंटीतला प्रसिद्ध गायक विली नेल्सन मदतीसाठी गायला आला आणि 1999 साली इमारत पुन्हा उघडली. 1998 मध्ये टेक्ससची कोर्टहाउसं देशातल्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत गेली होती. पुढच्याच वर्षी राज्याने जीर्णोद्धारासाठी अनुदान सुरू केलं आणि सत्तरहून अधिक इमारती त्यातून पूर्ण उभ्या राहिल्या. पण पैसे मागायचे तर आधी आराखडा मंजूर लागतो, काउंटीने स्वतःचा वाटाही घालावा लागतो. तो आराखडा तुझ्या त्या कंटाळवाण्या तक्त्यावरच बसतो. पाडायचं किंवा विकायचं झालं तरी राज्याच्या इतिहास आयोगाला सहा महिने आधी कळवावं लागतं. एवढ्या मुदतीत गाव जागं होऊ शकतं, झालेलंही आहे.

एक अवघड गोष्ट. कोर्टरूममध्ये वरच्या बाजूला तुला प्रेक्षकांची गॅलरी सापडेल, सुंदर लाकडी. विचार, तिथे कोण बसायचं. बऱ्याच ठिकाणी काळ्या लोकांना तिथेच बसवत. 2003 साली डॅलसच्या काउंटी रेकॉर्ड्स बिल्डिंगमध्ये पिण्याच्या पाण्याच्या नळावरची पत्र्याची पाटी पडली आणि मागे ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पुसट अक्षरं निघाली. पुसावीत असं म्हणणारे होते. शेवटी ती राहू दिली, शेजारी खुलाशाची पाटी लावली. मला विचारशील तर तेच बरोबर. तुझ्या अहवालात गॅलरी फक्त ‘उत्तम स्थितीत’ म्हणून येऊ देऊ नकोस.

वॅक्सहॅची डॅलसपासून तासाभराच्या आत आहे. शनिवार-रविवारी नको, कुलूप असतं. मधल्या वारी रजा टाकून जा, कामासाठी आलेल्या लोकांमध्ये थोडा वेळ उभी राहा, मग मनोऱ्याकडे बघ. खिळा विसरू नकोस, पण सुरक्षेच्या दारातून जाताना तो पर्समध्ये नसावा. एकदा मला त्यापायी परत पार्किंगपर्यंत जावं लागलं होतं.

तुझा,
काका