तोल ५४ की ८१?

प्रश्न : ताई, माझं वय ६८, बँकेतून निवृत्त. ११ वर्षांपासून मधुमेह, गोळी चालू आहे. मुलाने मोबाइलमध्ये तोल मोजायचं ॲप टाकून दिलंय. फोन छातीशी धरून एका पायावर उभं राहिलं की ते शंभरपैकी गुण देतं. सोमवारी ८१ आले, मंगळवारी ५४. आयुष्यभर खाती जुळवली, त्यामुळे हा फरक डोक्यातून जात नाही. त्यात सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज आलाय, दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही तर माणूस दहा वर्षंही काढत नाही म्हणून. चालताना मला काही त्रास नाही. फक्त तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावं लागतं, ते वयामुळे असेल. खरा आकडा कुठला धरू?
— एक वाचक, कराड

उत्तर : काका, ते बेसिनचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझा डोळा तिथेच अडकला. त्याकडे येते. आधी तुमचं खातं जुळवून देते.

फोनला तुमचा तोल दिसत नाही. त्याच्या पोटातला एक सेन्सर वेगातला बदल टिपतो, दुसरा फोन किती फिरला ते. फोन हलला म्हणजे तुम्ही हललात, एवढाच त्याचा हिशेब. छातीशी धरलात की हाताची थरथर, श्वास, खोकला, सगळं तुमच्याच नावावर पडतं. तुमचं पत्र आल्यावर मी स्वतः करून पाहिलं. आधी फोन हातात धरून, मग तोच क्रेप बँडेजने कमरेला मागच्या बाजूला घट्ट बांधून. माणूस तोच, पाय तोच, आणि गुणांत चांगलाच फरक! शरीराचा गुरुत्वमध्य कमरेच्या आसपास असतो, म्हणून फोन तिथे बांधलेला बरा. मोजायचंच असेल तर अनवाणी, रोज एकाच वेळी, त्याच पायावर, तीनदा करून मधला आकडा वहीत लिहा. भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून उभे राहा, पुढ्यात खुर्ची ठेवा आणि काकूंना जवळ थांबवा. मुलाच्या फोनवरच्या दुसऱ्या ॲपशी मात्र ताळा करू नका, प्रत्येकाचं गणित वेगळं.

तो मेसेज अगदीच हवेतला नाही. ब्राझीलमधला अभ्यास आहे, २०२२ साली छापून आला. ५१ ते ७५ वयाची १,७०२ माणसं होती. ज्यांना दहा सेकंद जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पण पाय टेकला म्हणून कुणी गेलं नाही. ग्रुपवर फिरता फिरता त्याचं भविष्य झालं, इतकंच.

आता बेसिन. आपण तीन गोष्टींच्या जोरावर उभे असतो: डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांकडून मेंदूला जाणारी खबर. पायांकडची खबर नीट पोचत नसली तर डोळे सांभाळून घेतात. ते मिटले की उघडं पडतं. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रोमबर्ग नावाच्या डॉक्टरांनी हे टिपून ठेवलं आणि आम्ही आजही त्यांच्याच नावाची चाचणी करतो: पाय जुळवून उभं करायचं, मग डोळे मिटायला सांगायचे. तुम्ही ती रोज सकाळी साबण लावून करताय! डोळे उघडे ठेवून फोनवर ८१ मिळवलेत तरी हे त्यात दिसेलच असं नाही.

नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका. ११ वर्षांच्या मधुमेहाने तळपायाच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. तुमची गोळी मेटफॉर्मिन असेल तर ती वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी असाल तर आणखीच. ते कमी पडलं तरी नसा बिघडू शकतात. म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, बी-१२ तपासून घ्या, पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा धातूचा चिमटा, ठेवून कंप कळतो का ते पाहायला सांगा. गोळी मनाने बंद करू नका आणि केमिस्टकडून परस्पर बी-१२चं इंजेक्शनही घेऊ नका, आधी रक्त तपासू द्या.

तोवर तोंड स्टुलावर बसून धुवा. रात्री उठलात तर आधी दिवा लावा. आणि एक सांगा, चालताना चप्पल पायातून निसटली तर तुम्हाला तेव्हाच कळतं, की चार पावलं पुढे गेल्यावर? पुढच्या पत्रात गुण नकोत, एवढं कळवा.