वाचकांचे प्रश्न: लॉ सीईटीची शिकवणी

प्रश्न: ऐरोलीत बारावीच्या सात मुलांची लॉ सीईटीची (महाराष्ट्रातल्या कायदा महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेची) शिकवणी घेते. त्यातल्या दोघी क्लॅटही (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) देणार आहेत. जीके, इंग्रजी ठीक आहे. लीगलमध्ये, म्हणजे कायद्याच्या प्रश्नांत, मात्र ३२ पैकी १६-१७ च्या वर कोणी जात नाही. आणखी कायदे शिकवू का?

उत्तर: एवढ्यात नको. आधी चुकलेल्या प्रश्नांचे दोन ढीग करा: माहीत नव्हते म्हणून चुकलेले आणि वाचण्यात चुकलेले. राज्यघटना, लॅटिन संज्ञा यांवर सीईटीत थेट प्रश्न येतात, तेवढे पाठांतर हवेच. पण बहुधा दुसरा ढीगच मोठा निघतो.

हे उदाहरण द्या. तत्त्व: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीविना, अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी. प्रसंग: ठाणे स्टेशनबाहेरच्या हॉटेलातून एक गिऱ्हाईक आपलीच समजून शेजारच्याची काळी छत्री घेऊन जातो. ‘संमती नव्हती, म्हणून चोरी’ या पर्यायावर मुले पटकन टिक करतात. त्यांना वहीत चार घरे आखायला लावा. वस्तू जंगम? हो. दुसऱ्याच्या ताब्यात? हो. संमतीविना? हो. हेतू अप्रामाणिक? नाही. एक घर रिकामे राहिले, चोरी झाली नाही. आता एकच ओळ बदला: दांड्यावर दुसऱ्याचे नाव वाचूनही तो छत्री ढापतो. उत्तर फिरते. असे बदल मुलांनाच करायला सांगा. प्रश्न रचता आला की तो सोडवताना घसरण कमी होते.

दोन आठवडे रोज दहा प्रश्न, घड्याळाशिवाय. मग मिनिटाला एक, कारण दोन्ही परीक्षांत १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात.

त्या दोघींसाठी वेगळा तास ठेवा. क्लॅट फक्त इंग्रजीत, कागदावर होते आणि तिथे तत्त्व सुमारे ४५० शब्दांच्या उताऱ्यात दडलेले असते. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, तेव्हा निदान एक पर्याय बाद करता आला तरच अंदाज करावा. सीईटी संगणकावर असते, गुण कापले जात नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडणे हा शुद्ध वेडेपणा. मराठीतून देणाऱ्यांना ‘संविदा’ (करार), ‘अपकृत्य’ (टॉर्ट, भरपाई मागता येते असे नुकसानीचे कृत्य) हे शब्द आधीच ओळखीचे करून द्या, नाहीतर सोपा प्रश्नही अवघड वाटतो.

प्रश्न: ताईची चार वर्षांपूर्वीची गाइडे आहेत. चालतील का? (कळव्याहून)

उत्तर: लॉजिकल आणि इंग्रजीपुरती खुशाल वापरा. त्यांतल्या सराव प्रश्नपत्रिका १५० प्रश्नांच्या असतील, तर ३० प्रश्न गाळून वेळ लावा. फौजदारी कलमे मात्र खोडा. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे: खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले, चोरीचे ३७८ आता ३०३, आणि बोलण्यातले ‘चारसो बीस’ ३१८ मध्ये गेले.