माफियाच्या खेळात एकाच माणसावर दोघांनी हल्ला केला आणि डॉक्टरने त्यालाच वाचवलं असेल, तर तो मरतो का?

गॉडने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, काय ठरवलंय त्यावर आहे. आमच्याकडे एक डॉक्टर एकच वार अडवतो, दुसरा लागला की माणूस गेला. काही जण रात्रभराचं कवच देतात. तेही चालतं, फक्त पत्ते वाटायच्या आधी सांगायचं. पण खरा घोळ तिथे नसतोच. डॉक्टर स्वतः मेला की होतो, आणि तो माझ्या वाट्याला आलाय.

गणपतीत गावी भावंडं, वहिन्या मिळून आम्ही तेराजण. आरत्या आटोपल्या की पडवीत खेळ. रात्री सगळे डोळे मिटतात आणि गॉड एकेकाला उठवून त्याची चाल विचारतो. एक्के म्हणजे माफिया, राजा डॉक्टर, राणी डिटेक्टिव्ह, गुलाम पिस्तूलवाला; त्याला अख्ख्या खेळात एकच गोळी. आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, कायमचा गॉड. मला बदामचा राजा आला. खेळातल्या दुसऱ्या रात्री वाचवायला म्हणून मी वहिनीकडे बोट केलं, कारण सगळे तिच्यावर संशय घेत होते आणि मला बिचारी वाटली. त्याच रात्री माफियाने मला उडवलं आणि पिस्तूलवाल्याने वहिनीला. सकाळी दादा म्हणाला, "दोघं गेले."

मी म्हटलं, वहिनी कशी गेली? मी वाचवली होती की! तर म्हणे, "मेलेला डॉक्टर कसलं ऑपरेशन करणार?" अख्खी पडवी हसली आणि विनोदाचा नियम झाला.

त्याचं म्हणणं, माफियाला आधी उठवलं, म्हणजे मी आधी मेलो. अरे, मग मेलेल्याला "डॉक्टर, डोळे उघड" अशी हाक कशाला मारलीस? उठवायचा क्रम गॉडच्या सोयीचा असतो. चाली सगळ्या एकाच वेळी झाल्या असं धरायचं आणि पहाटे हिशोब करायचा: आधी कुणी कुणाची चाल रोखलीय का, मग वाचवणं, मारणं शेवटी. मी मेलो, कबूल. पण माझं वाचवणं लागू होतं. आणि "मूळ नियमच असा आहे" हे दादाचं पालुपद तर निव्वळ थाप. 1986-87च्या सुमारास मॉस्कोच्या विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफने खेळ काढला तेव्हा माफिया आणि गावकरी, एवढंच होतं. डॉक्टर नंतर आला.

हां, तुमच्याकडे डॉक्टरची चाल रोखणारा कुणी असेल आणि त्याने ती रोखली असेल, तर माझं सगळं म्हणणं बाद. वेअरवुल्फ या माफियासारख्याच खेळातल्या चेटकिणीचंही वेगळं. तिला आधी बळी दाखवतात आणि मग औषध देणार का विचारतात, त्यामुळे तिथे क्रम खराच मोजायचा. चिनी मंडळी तर रक्षक (डॉक्टरसारखाच वाचवणारा) आणि चेटकीण दोघांनी एकाच रात्री एकालाच वाचवलं तर त्याला मेला धरतात!

तुमचा डॉक्टर सकाळी जिवंत होता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मेला असेल तर गॉडला सोडू नका.

वहिनीच्या हातात एक्का निघाला, हे दादा अजून दरवर्षी मध्ये आणतो. त्याचा इथे काय संबंध?